दुधाचे दात आणि आपली साखर



या पानावर आम्ही सहसा लागण, खोडवा, खतांच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त, पहिली उचल आणि अंतिम दर यांबद्दल लिहितो. तान्ह्या पोरांच्या दातांचा विषय इथे कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण आमच्या मते या विषयाची खरी जागा हीच आहे. लहान मुलांचे दात ज्या पदार्थाने किडतात तो आपण पिकवतो, आपण गाळतो, आणि पोत्यावर आपल्याच कारखान्याचे नाव छापून बाजारात पाठवतो. आपल्या मालाची खोड दुसऱ्याने चारचौघांत काढण्यापेक्षा आपणच ती आधी सांगितलेली बरी.

सगळ्या घोटाळ्याचे मूळ घरोघर ऐकू येणाऱ्या एका वाक्यात आहे. ‘दुधाचेच दात हायत, पडणारच की!’ आजी म्हणते, बाप म्हणतो, आणि दोन वर्षांच्या पोराचे वरचे पुढचे चार दात काळे पडून हिरडीपर्यंत झिजले तरी घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. आता हिशेब बघा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात तोंडात असतात. त्यातले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी जी दाढ किडली तिच्यावर त्या पोराला आणखी सात-आठ वर्षे भाकरी चावायची असते. पडणारच म्हणून सोडून दिलेली ही दाढ तोवर ठणकते, पोराला रात्रीची झोप देत नाही, एका अंगाने चावायला लावते. मग पोर जेवत नाही म्हणून आई ओरडते, आणि पोटात काहीतरी जावे म्हणून बिस्किट देते.

दुधाच्या दाताच्या मुळाशी पक्क्या दाताचा कोंब असतो. वरच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खालच्या कोंबालाही इजा पोचू शकते. शिवाय दुधाचा दात पक्क्या दातासाठी जागा धरून बसलेला असतो. तो अवेळी काढावा लागला की शेजारचे दात त्या जागेवर सरकतात आणि पक्का दात वाकडातिकडा येतो. लागणीचे बुडखे सडले तर खोडवा फुटायचा कशावर, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ‘ही लागण तशीही तोडायचीच आहे’ म्हणून खोडकिडीकडे कानाडोळा करणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. पोरांच्या दातांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास तोंडात अगदी मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. काही पडलेले नसल्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. सगळ्यात दुर्लक्ष होते ते हिच्याकडे.

आता दात किडतो म्हणजे काय होते ते पाहू. आपली भाषाच इथे थोडी फसवते. ‘कीड लागली’ म्हटले की अळी डोळ्यांसमोर येते. आठवडे बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे लोक याच समजुतीवर पोट भरत आले. दातात अळी नसते. असतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, आणि त्यांचे काम समजून घ्यायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कारण तसाच कारभार आपल्या कारखान्यात दर हंगामात चालतो.

ऊस तोडल्यावर दोन-तीन दिवस फडात किंवा वाहनतळावर पडून राहिला की काय होते? वजन घटते, हे सभासदाला कळते. पण केमिस्टला दुसरीच काळजी असते. उसाच्या कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खातात, आम्ल तयार करतात, आणि त्याच साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत चिकटा बनवतात. मिलच्या रोलरखाली, रसाच्या नाल्यांत, कोपऱ्याकोपऱ्यांत हा चिकटा साचतो. गाळताना, आटवताना त्रास देतो आणि उतारा खातो. म्हणून तर मिल हाऊसमध्ये वाफेचे आणि गरम पाण्याचे फवारे मारून पाळीपाळीला सफाई करावी लागते. सफाई चुकली तर त्याचा हिशेब रिकव्हरीच्या आकड्यात दिसतो.

पोराच्या तोंडात हाच उद्योग दुसरे जिवाणू करतात. त्यातल्या मुख्य जातीला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स म्हणतात. यांना साखर मिळाली की तेही दोन वस्तू बनवतात, आम्ल आणि चिकटा. चिकटा दाताला धरून बसतो आणि आम्ल त्या चिकट्याखाली दाताचे वरचे कवच विरघळवते. हा चिकटा बनवायला त्यांना जी साखर लागते ती नेमकी उसातली, सुक्रोज. आपल्या पोत्यातली.

सामू हा शब्द माती परीक्षणामुळे आपल्याला परिचयाचा आहे. दाताचे कवच साधारण साडेपाच सामूच्या खाली विरघळू लागते. कारखान्यात रस आम्लधर्मी राहिला तर साखर फुटते, म्हणून चुन्याचे दूध घालून सामू सातच्या आसपास आणतात. तोंडात चुन्याचे हे काम लाळ करते. लाळ आम्ल मारते, आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागलेले कवच पुन्हा भरून काढतात. त्यासाठी तिला अर्धा तास ते तासभर लागतो. एवढा वेळ मिळाला तर दात सावरतो.

सगळी मेख या वेळेत आहे. समजा, एका पोराला दुपारच्या जेवणाबरोबर एक मोठा चमचा साखर घातलेला शिरा दिला. एकदा आम्ल झाले, तासाभरात लाळेने निस्तरले. दुसऱ्या पोराने तेवढीच साखर दिवसभरात आठ-दहा वेळा घेतली. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, मग आजोबांच्या कपातला घोटभर चहा, रडले म्हणून गोळी, दुकानात नेले म्हणून पाच रुपयांचा पुडा, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले चॉकलेट, झोपताना बाटलीत साखरेचे दूध. साखर तेवढीच, पण दुसऱ्या पोराच्या तोंडात दिवसभर गाळप चालू राहते आणि चुन्याचे दूध पोचायला फुरसतच मिळत नाही. म्हणून किती साखर खाल्ली याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे.

रात्रीची गोष्ट तर निराळीच. झोपेत लाळ फार थोडी सुटते. अशा वेळी गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून पोर झोपवले तर वरच्या पुढच्या दातांभोवती ते दूध साचून राहते आणि कारखाना रात्रपाळीला बिनबोभाट चालतो. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाने आणि लाळेने बऱ्याचदा वाचतात. वरचे चार दात काळे आणि खालचे पांढरे, असे पोर दिसले की रात्रीच्या बाटलीचा किंवा साखरेत बुडवून दिलेल्या चोखणीचा संशय घ्यावा.

इथे आईच्या अंगावरच्या दुधाबद्दल चार शब्द लिहिणे जरूर आहे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा भलताच अर्थ घेऊन एखादी सासू सुनेला बोल लावायची. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजावे, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते दातांसाठी तोडू नये. दात आल्यावर रात्रभर पाजणे चालू असेल तर झोपण्यापूर्वी पोराचे दात घासावेत आणि दिवसा साखर तोंडात जाऊ देऊ नये, इतकेच.

हे सगळे आताच कोणी शोधून काढले आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान आणि नॉर्वेसारख्या देशांत साखरेची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या मुलांचे दात किडण्याचे प्रमाण घटले. युद्धानंतर साखर मुबलक झाली आणि प्रमाण पुन्हा चढले. स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाच्या संस्थेत ठेवलेल्या मतिमंद लोकांना चिकट गोड गोळ्या खाऊ घालून प्रयोग केले गेले आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळात खाल्लेल्या चिकट गोडाने दात कितीतरी पटीने किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांवर हा प्रयोग झाला. तो अन्यायच होता, आणि आज जग तसेच मानते. पण त्या माणसांच्या दातांची किंमत मोजून मिळालेली ही माहिती आपण वापरली नाही, तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

आता अमेरिकेतली गोष्ट, जी आम्हांला साखरधंद्यातले म्हणून जास्त लागते. तिथल्या सरकारने १९७१ साली दातांची कीड दूर करण्याचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तिथल्या साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेची १९५९ ते १९७१ या काळातली अंतर्गत कागदपत्रे पुढे ग्रंथालयात सापडली आणि त्यांवरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. साखरेने दात किडतात हे उद्योगाला माहीत होते, असे त्या कागदांत दिसते. पण साखर कमी खाण्याचा मुद्दा मागे पडावा म्हणून उद्योगाने लस आणि चिकटा विरघळवणारी एन्झाइमे अशा संशोधनाला पैसा आणि जोर दिला. उद्योगाने सरकारी संस्थेकडे जो अहवाल पाठवला त्यातला ७८ टक्के मजकूर त्या संस्थेच्या संशोधनाच्या आवाहनात जसाच्या तसा उतरला. ते एन्झाइम म्हणजे डेक्स्ट्रानेज. शिळ्या उसाचा चिकटा तोडायला साखर कारखान्यांत वापरतात तेच. मिलमध्ये ते कामाचे आहे. पोराच्या तोंडात त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

तो धंदा भांडवलदारांचा होता. त्यांचा भागधारक एका शहरात आणि दात किडलेले पोर दुसऱ्या शहरात, अशी स्थिती होती. आपला कारखाना सहकारी आहे. आपला भागधारक आणि त्या पोराचा बाप एकच माणूस आहे. मग लपवायचे कोणापासून?

काही सभासद म्हणतील, ‘आधीच दराची ही रड, त्यात आपणच आपल्या मालाची बदनामी कशाला?’ शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. दोन वर्षांखालच्या पोरांच्या वाटीतला चमचा बंद झाला म्हणून दर कोसळेल, असे म्हणणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शिवाय आपला ऊस आता एकट्या साखरेवर उभा नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. आणि एक कडू गोष्ट बोलूनच टाकतो. देशातली निम्म्याहून अधिक साखर घरच्या डब्यात जातच नाही. ती बिस्किटे, गोळ्या, शीतपेये आणि मिठाई करणाऱ्यांकडे जाते. आपल्याकडून पोत्याच्या भावाने साखर उचलून तीच पाच-दहा रुपयांच्या रंगीत पुड्यातून आपल्याच वस्तीत परत येते. नफा त्यांचा, आणि दात आपल्या पोराचे. त्या पुड्याची वकिली आपण कशासाठी करायची?

गुळाबद्दल आणि मधाबद्दल लोक आवर्जून विचारतात. गुळात लोह असते, मध औषधी असतो, वगैरे. असेल. पण तोंडातले जिवाणू गूळ आणि साखर असा भेदभाव करत नाहीत. मध तर एक वर्षाखालच्या बाळाला मुळीच चाटवू नये, त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. जन्मघुटी मधात उगाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. उसाचा रस म्हणजे विरघळलेली साखरच. मोठ्या पोराने जेवणानंतर एखादे कांडे सोलून खाल्ले म्हणून आभाळ कोसळत नाही, पण दिवसभर बांधावर ऊस चोखत फिरणाऱ्या पोराचे दात ‘ऊस चावल्याने मजबूत होतात’, ही समजूत सोडावी. औषधाची सिरपेही बहुधा गोड असतात. ती दिल्यावर दोन घोट पाणी पाजावे.

सणांच्या आड मात्र आम्ही येत नाही. संक्रांतीला बोरन्हाण होणार, हलव्याचे दागिने पोराच्या अंगावर चढणार, पाडव्याला साखरगाठीची माळ गळ्यात पडणार. व्हायलाच पाहिजे, निदान साखर पिकवणाऱ्यांच्या घरी तरी. वर्षातून दोन-चार दिवसांच्या गोडाने दात किडत नाहीत. किडतात ते वर्षाच्या तीनशे दिवसांच्या पुड्याने. फक्त ती गाठी गळ्यात ठेवून दिवसभर चोखू देण्याऐवजी जेवणाच्या ताटात खाऊ द्यावी. मागाहून चूळ भरावी आणि माळ उतरवून ठेवावी.

दोन वर्षांपर्यंत पोराच्या खाण्यात वरून साखर नको आणि गोड पेये तर नकोतच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ सालच्या वरच्या आहाराच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. यात केवळ दातांचा विचार नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळात लागू झालेले साखरेचे रेशनिंग १९५३ साली उठले. रेशनिंगच्या काळात गर्भात असलेल्या आणि पहिली दोन वर्षे काढलेल्या मुलांची, नंतर जन्मलेल्यांशी तुलना करणारा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी साखर कमी मिळालेल्यांना मोठेपणी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसले. लहानपणी लागलेली गोडाची चटक जन्मभर पुरते, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना अभ्यासाशिवायही माहीत होते. तान्ह्या बाळाला नाचणीचे सत्त्व, मऊ भात-वरण, कुस्करलेले केळे द्या. त्याला साखर माहीतच नसते. ती घातली नाही म्हणून ते रुसत नाही. चव आपल्याला लागत नाही म्हणून आपण घालतो.

आता करायचे काय? पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी, ‘अजून एकच तर आहे’ म्हणून थांबू नये. त्याआधी हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. लहान, मऊ ब्रश घ्यावा. पेस्ट फ्लोराइडची असावी आणि पुड्यावर १००० पीपीएम हा आकडा वाचून घ्यावी. लेबल वाचायची सवय आपल्याला कीटकनाशकांमुळे आहेच. वनौषधींच्या नावाने खपणाऱ्या पुष्कळ पेस्टींत आणि दंतमंजनांत फ्लोराइड नसते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दाखवतात ती खप वाढवण्यासाठी. दोन वेळा घासावे, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात जाऊ नये. पेस्ट थुंकायला शिकवावे, पण भरमसाट चुळा भरू नयेत, नाहीतर दातावर राहायचे ते औषध वाहून जाते. आणि ब्रश पोराच्या हातात देऊन आपण मोकळे होऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाचा हात लागतोच. बापाचा हात असला तरी चालतो, त्याने पुरुषार्थाला बाध येत नाही.

मशेरी, राख, कोळसा, विटेची पूड यांतले काही पोराच्या तोंडात जाऊ नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आई लावते ते पाहून पोरगीही बोट लावायला शिकते. चालू असेल तर तिथेच थांबवावे.

फ्लोराइडबाबत एक सावधगिरी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा काही जिल्ह्यांतल्या पुष्कळ विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर डाग पडतात आणि हाडांनाही त्रास होतो. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावे अशी आपल्याकडची मर्यादा आहे. आपल्या बोअरचे पाणी तपासून घ्यावे, आणि जास्त आढळल्यास पिण्याचे पाणी बदलावे व पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावे.

महिन्यातून एकदा पोराला उजेडात मांडीवर आडवे घेऊन वरचा ओठ उचलून बघावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. या वेळी फ्लोराइड आणि खाण्यातला बदल एवढ्यावर दात परत सावरू शकतो. पिवळा-तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर दंतवैद्याकडे जावे. आता सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रव आले आहे. ते दातावर नुसते लावून कीड थांबवता येते, सुई नाही की ड्रिल नाही. किडलेला भाग त्याने काळा पडतो, एवढी एक उणीव. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पोराच्या गालावर सूज आणि अंगात ताप असेल तर मात्र घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि दाखवायला दुखण्याची वाट बघूच नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवून घ्यावेत, म्हणजे डॉक्टर आणि पोर यांची पहिली भेट रडारडीत होत नाही.

२०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. पथक गावात येईल तेव्हा ‘पोराचे तोंड उघडून बघितले का?’ हा एक प्रश्न सभासदांनी विचारावा. विचारणारा कोणी असला की तपासणी नीट होते, हा काट्यावरचा आपला अनुभव आहे.

आतापर्यंत जे लिहिले ते सभासदांच्या घरांबद्दल. पण आपल्या कारखान्याच्या आवारात हंगामाचे पाच-सहा महिने आणखीही पोरे राहतात. ऊसतोड मजुरांची. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. कोपीत तान्हे पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ओटीत असते. ते रडले की तिच्या हाताशी काय असते? काळ्या चहाचे पातेले, बिस्किटाचा पुडा आणि उसाचे कांडे. त्या पोरीला साखरेचे तोटे समजावून सांगणे म्हणजे चेष्टा होईल. तिथे शहाणपण सांगण्याआधी वेळेवर ताजे अन्न पोचले पाहिजे, पिण्याचे पाणी पोचले पाहिजे, आणि हंगामात त्या वस्तीची अंगणवाडी खरोखर उघडी असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्या वाहनतळापलीकडच्या कोप्यांत त्यातली किती आहेत, हे आपण कधी मोजलेले नाही.

म्हणून आमची संचालक मंडळाला आणि सभासदांना एक सूचना आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तिच्यावर बोलावे. दिवाळीला सवलतीच्या दराने साखर वाटतो, त्याच खिडकीतून, ज्या घरात सहा वर्षांखालचे मूल आहे त्या घराला एक लहान ब्रश आणि फ्लोराइडच्या पेस्टची एक ट्यूब द्यावी. कार्डावर साखरेची नोंद होते तिच्याशेजारी ब्रशचीही व्हावी. साखर आणि ब्रश एकाच हातात पडले की आम्ही इथे चार पाने लिहिण्यापेक्षा जास्त काम होईल. खर्च शिक्षण-आरोग्याच्या निधीतून भागण्यासारखा आहे. वर्षातून एकदा गटागटांत दंततपासणी ठेवावी. लोणीला आणि कऱ्हाडला सहकारी साखर कारखानदारीच्या मातीतच दंतमहाविद्यालये उभी राहिली आहेत. अशा महाविद्यालयांची पथके खेड्यांत शिबिरे घेतात, त्यांना बोलावणे धाडायला काही कमीपणा नाही. आणि कारखान्याच्या कार्यक्रमात, मोळी पूजनाला, बक्षीस समारंभाला पोरांच्या हातात गोळ्या-चॉकलेटे ठेवण्याची पद्धत बंद करून शेंगदाणे, फुटाणे, पेरू, केळी द्यावीत, अर्थात शेंगदाणे-फुटाणे चावता येणाऱ्या मोठ्या पोरांनाच, कारण तान्ह्यांच्या घशात ते अडकतात.

ब्रश आणि पेस्ट कोप्यांवरही वाटावी, हंगाम सुरू होताच, पहिल्या पंधरवड्यात. ती वाटताना एक पथ्य पाळावे. तिची किंमत मुकादमाच्या उचलीत धरू नये आणि टोळीच्या बिलातून कापू नये. ते कलम ठरावातच शब्दांत लिहून घ्यावे, कारण न लिहिलेल्या गोष्टी हंगाम संपताना हिशेबात कुठून येतात हे टोळीवाले आपल्यापेक्षा जास्त जाणतात.